बैठकीतील व्हायोलिनचा रियाज : आधी गज, मग बोटे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत मूल व्हायोलिनकडे येते ते बहुधा गाण्याच्या वाटेने. घरात भजन असते, गणेशोत्सवात नाट्यगीते ऐकलेली असतात, धारवाडच्या गवयांची नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. त्यामुळे वाद्य हाती आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच एखादा अभंग वाजवून पाहण्याची घाई होते. बोटे कशीबशी स्वरांवर पोहोचतात आणि उजव्या हाताकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. चार-पाच वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचे वादन खरखरीत आणि तुटक का वाटते, याचे कारण बहुतेक वेळा या घाईतच सापडते. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखे वाजवायचे तर गायकाचा दमसास आणि आवाजाचा लगाव (स्वर लावण्याची रीत) हे दोन्ही गजातूनच, म्हणजे तारांवर ओढायच्या केसांच्या काडीतूनच काढावे लागतात, म्हणून पुढील मांडणीत गजाला पहिले आणि सर्वाधिक स्थान दिले आहे. हे विवेचन हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून वाजवणाऱ्यांसाठी आहे. गुरूची जागा ते घेऊ शकत नाही, परंतु आठवड्यातून एकदाच शिकवणीला जाता येत असेल तर मधल्या सहा दिवसांत काय करावे, हे त्यातून ठरवता येईल.

बैठक आणि तारा

मांडी घालून बसावे, उजवा पाय किंचित पुढे सोडावा आणि खुंट्यांच्या पुढचा वळलेला भाग उजव्या पावलाच्या घोट्यापाशी टेकवावा. वाद्याची मागची बाजू डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडापाशी छातीला लागते. दक्षिणेकडील वादकांनी रुळवलेल्या या बैठकीचा मोठा फायदा असा, की वाद्य दोन टेकूंवर स्थिर राहते आणि डावा हात बोटे ठेवायच्या पट्टीवरून वर-खाली सरकण्यास पूर्ण मोकळा होतो. बैठक बरोबर आहे की नाही हे तपासण्याची रीत सोपी आहे : डावा हात वाद्यापासून पूर्णपणे दूर न्यावा आणि उजव्या हाताने मोकळ्या तारेवर गज ओढावा. वाद्य घसरले किंवा फिरले, तर डावा हात आजवर वाजवण्याबरोबर धरण्याचेही काम करीत होता असे समजावे. घोट्याखाली किंवा टोकाखाली जाडसर सुती कापडाची घडी ठेवली की बहुतेकांची अडचण सुटते. ज्यांचे गुडघे उंच राहतात त्यांनी दोन-तीन इंच उंचीचे आसन घ्यावे, म्हणजे पाठ वाकत नाही.

तारा लावण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे दिसतात. एकीत जाड तारेकडून बारीक तारेकडे मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, षड्ज, पंचम आणि तार (वरच्या सप्तकातला) षड्ज असा क्रम असतो. दुसरीत सा-प-सा-प असा क्रम असतो आणि कर्नाटक संगीताच्या वादकांकडे तो सर्वत्र आढळतो. आपल्या गुरूची जी पद्धत असेल तीच धरावी, कारण दोन्हींची बोटांची मांडणी वेगळी आहे आणि मध्येच बदल केल्यास वर्षभराची सवय मोडते. पुढील उदाहरणे पहिल्या पद्धतीची आहेत. पांढरी एकचा (पाश्चात्त्य ‘सी’चा) षड्ज धरल्यास या पद्धतीत चौथी, म्हणजे सर्वांत जाड तार पाश्चात्त्य पद्धतीत असते तशीच राहते, तिसरी आणि दुसरी एकेक पूर्ण स्वर उतरतात, आणि पहिली दोन पूर्ण स्वर उतरते. एवढी उतरवलेली पहिली तार कधी कधी सैल पडून चरचरते. अशा वेळी थोडी जाड तार लावून पाहावी किंवा षड्ज काळी एकवर न्यावा. उलट चौथी तार तिच्या नेहमीच्या स्वराच्या फार वर ओढणे टाळावे, कारण त्याचा ताण घोडीवर (तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्यावर) आणि वाद्याच्या वरच्या फळीवर येतो.

गजाचा रियाज

राळ लावलेले केस तारेला पकडतात, थोडे ओढतात आणि सोडतात. पांढरी एकच्या मध्य षड्जावर ही पकड-सोड सेकंदाला सुमारे २६२ वेळा होते. वजन कमी पडले तर पकड सुटून शिट्टीसारखा पोकळ आवाज येतो, आणि वजन जास्त झाले तर तार वेळेवर सुटत नाही व स्वर खरडल्यासारखा होतो. या दोन टोकांमध्ये बसणारा आवाज तीन गोष्टींवर ठरतो : गजाचा वेग, तारेवर पडणारे वजन, आणि घोडीपासून गजाचे अंतर. घोडीजवळ वाजवायचे तर वेग कमी आणि वजन जास्त हवे, पट्टीच्या बाजूला सरकल्यास वेग जास्त आणि वजन कमी हवे. हे नाते हाताला समजले की पुढची निम्मी वाट सरते.

पहिला अभ्यास केवळ मोकळ्या तारांचा आहे. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवावी आणि तिसऱ्या तारेवर आठ मात्रांमध्ये मुठीपासून (गज धरायच्या बाजूपासून) टोकापर्यंत एक गज ओढावा, नंतर तेवढ्याच मात्रांत परत आणावा. गजाच्या केसांची वापरण्याजोगी लांबी साधारण ६५ सेंटीमीटर असते, म्हणजे दर मात्रेला आठ सेंटीमीटरच्या आसपास गज सरकला पाहिजे. नवशिक्याचा निम्मा गज पहिल्या दोनच मात्रांत संपतो आणि मग टोकापाशी तो रेंगाळतो. काडीच्या मध्यभागी आणि दोन्ही पावभागांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, तर दुसरी, चौथी आणि सहावी मात्रा कोठे संपायला हवी हे डोळ्यांना दिसते. टोकाकडे हाताचे वजन नैसर्गिकरीत्या कमी पोहोचते, म्हणून तेथे तर्जनीने हलके वजन द्यावे. मुठीपाशी काडीचेच वजन जास्त असते, तेथे करंगळीने ते तोलून धरावे. आठ मात्रा सहज जमल्यावर बारा आणि मग सोळा मात्रांपर्यंत जावे. सोळाच्या पुढे जाण्याचा अट्टहास करण्यात फारसे हशील नाही.

दुसरी गोष्ट गजाच्या दिशेची आहे. गज घोडीला समांतर राहिला पाहिजे, पण बहुतेकांचा गज टोकाकडे जाताना शरीराच्या मागे वळतो, कारण कोपर उघडण्याऐवजी खांदा मागे खेचला जातो. समोर आरसा ठेवून रोज पाच मिनिटे फक्त ही दिशा पाहावी आणि त्या वेळी आवाजाकडे लक्ष देऊ नये. प्रत्येक तारेसाठी कोपराची उंची वेगळी असते. चौथ्या तारेवरून पहिल्या तारेपर्यंत जाताना संपूर्ण हाताची पातळी बदलायला हवी. केवळ मनगट वाकवून तार बदलली की मधली तार हमखास घासते.

तिसरी गोष्ट गज उलटण्याची, आणि ऐकणाऱ्याला सर्वांत आधी खटकते तीच. गज संपत आला की भीतीने वेग वाढतो, उलटताना धक्का बसतो आणि स्वराच्या मध्यभागी फट पडते. यासाठी गजाच्या मधल्या दहा सेंटीमीटर भागातच, बोटे आणि मनगट सैल ठेवून, अतिशय हळू उलटसुलट सराव करावा. फट ऐकू येईनाशी झाली की हीच क्रिया मुठीपाशी आणि टोकापाशी न्यावी. डोळे मिटून स्वतःचेच वादन ऐकताना गज कधी उलटला हे ओळखता येऊ नये, हे उद्दिष्ट ठेवावे. त्याला वर्ष लागले तरी हरकत नाही.

यानंतर एकाच गजात आवाज लहानाचा मोठा आणि मोठ्याचा लहान करणे, अर्ध्या गजात दोन स्वर, पाव गजात एक, आणि मग एका गजात चार, आठ, सोळा स्वर अशी वाटणी करावी. ख्यालातील आलाप वाजवताना कोणती ओळ एका गजात बसवायची, हा निर्णय गायकाने श्वास कोठे घ्यायचा या निर्णयासारखाच असतो. तो आयत्या वेळी घेऊ नये. स्वरलिपीच्या वहीत ओळीवर आडवी रेघ मारून तो आधीच ठरवावा.

स्वरस्थाने : कान कोणाकडे ठेवायचा

व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट कोठे ठेवायचे हे शेवटी कानच ठरवतो. तरीही जागेचा अंदाज असणे उपयोगी पडते. मोठ्या माणसाच्या पूर्ण आकाराच्या वाद्यात खुंट्यांकडील छोट्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर असते. षड्जाची तार धरल्यास शुद्ध रिषभ खुंट्यांकडून ३.७ सेंटीमीटरवर, शुद्ध गंधार ६.६ वर, मध्यम ८.२५ वर, पंचम ११ वर आणि तार षड्ज बरोबर अर्ध्यावर, म्हणजे १६.५ वर येतो. जसजसे वर जावे तसतशी अंतरे आखूड होत जातात. म्हणूनच तार सप्तकात बोटे एकमेकांना चिकटून चालतात आणि तेथे बेसूर होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

येथे आपल्या भागातील एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. भजनी मंडळांमुळे संवादिनी (हार्मोनियम) घरोघर आहे आणि स्वर तपासायचा तर ती उघडण्याची रीत पडली आहे. परंतु संवादिनीचा शुद्ध गंधार हा सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेला असतो आणि तंबोऱ्याशी मिळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा तो थोडा चढा असतो. व्हायोलिनच्या तारेवर हा फरक सुमारे दोन मिलिमीटरचा होतो. दोन मिलिमीटर म्हणजे बोटाचे टोक जरासे कलंडले तरी पार होणारे अंतर आहे, पण विलंबित यमन किंवा भूप रागात थांबलेल्या गंधारावर ते स्पष्ट ऐकू येते. म्हणून रियाजाला तंबोराच हवा. मिरजेचा तंबोरा घरात असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाईलवरील तंबोरा चालेल, मात्र मोबाईलच्या लहान स्पीकरवर खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, ऐकू येत नाही, तेव्हा तो बाहेरच्या मोठ्या स्पीकरला जोडावा. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो. त्यालाच जुने लोक स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत पाच मिनिटे वाद्य मांडीवर ठेवून नुसते बसावे, मगच गंधार वाजवावा.

स्वर तपासण्याचे दुसरे साधन वाद्यातच आहे. चौथ्या तारेवर षड्ज वाजवला आणि तो अचूक असला, तर शेजारची मोकळी तिसरी तार आपोआप थरथरते. तिसऱ्या तारेवर पंचम वाजवताना दुसरी आणि दुसऱ्या तारेवर तार षड्ज वाजवताना पहिली तार अशीच बोलते. स्वर किंचित हलला तरी हा थरथराट मरतो आणि वाद्याचा आवाज एकदम मंद होतो. षड्ज आणि पंचम अशा रीतीने रोज पक्के केले की उरलेले स्वर त्यांच्या आधाराने बसवावेत. कोणताही पलटा (सरावाची स्वररचना) वाजवण्याआधी तो गळ्यातून म्हणावा. आवाज चांगला नसला तरी चालते, कारण येथे बोटाच्या आधी कानाने स्वराची वाट पाहावी एवढाच हेतू आहे.

पलट्यांची यादी लांब करण्यापेक्षा भूपाची पाच स्वरांची आरोही-अवरोही मांडणी घ्यावी आणि ती ४० मात्रांच्या लयीत, एका मात्रेला एक स्वर, प्रत्येक स्वराला वेगळा गज अशी वाजवावी. नंतर तेच स्वर दोन-दोनच्या आणि चार-चारच्या गजात वाजवावेत. बोट चुकीच्या जागी पडल्यास ते सरकवून दुरुस्त करण्याची सवय लागू देऊ नये. गज थांबवावा, बोट उचलावे, स्वर मनात ऐकावा आणि पुन्हा ठेवावे. सरकवून दुरुस्त करणाऱ्याला चुकीची जागा आणि मग दुरुस्ती, अशी दोन्हींची सवय लागते.

मींड

गायकी अंगात डाव्या हाताची बोटे मोजकीच वापरली जातात आणि तर्जनी-मध्यमेने तारेवर सरकत जाण्यावर भर असतो. स्वर न तोडता असे सरकणे म्हणजे मींड. मींडेचा रियाज दोन टोकांपासून सुरू करावा. षड्जावरून गंधारापर्यंत मींड घ्यायची असेल, तर आधी एकाच बोटाने दोन्ही स्वर वेगवेगळे, गज थांबवून, अनेकदा वाजवावेत. टोके पक्की झाल्यावर चार मात्रांच्या एका गजात बोट सरकवावे. प्रवासात बोटाचा दाब थोडा कमी व्हावा, पण तार पट्टीवरून सुटू नये आणि गजाचे वजन मात्र बदलू नये. विद्यार्थी दोन्ही हात एकाच वेळी सैल सोडतात आणि मधला सूर नाहीसा होतो. अंगठा बोटांबरोबर सरकला पाहिजे. तो मागे राहिला की हात ताणला जातो आणि वरच्या स्वरावर पोहोचताना झटका बसतो. मींड समान गतीने गेली तर ती पाश्चात्त्य संगीतातील सरकत्या स्वरासारखी ऐकू येते. आपल्या मींडेत आरंभाचा स्वर थोडा धरून ठेवला जातो, मधला भाग वेगाने पार होतो आणि शेवटच्या स्वराजवळ गती पुन्हा मंदावते. कोठे किती थांबायचे हे राग ठरवतो, ते गवयांकडूनच ऐकावे लागते.

व्हायोलिनवादकांना ऐकण्याच्या बाबतीत एक सूचना आहे. गजाननराव जोशी (१९११–१९८७) स्वतः गवई होते, एन. राजम यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांच्या गायकीवरून आपले अंग घडवले, डी. के. दातार यांचे वादनही गायकीचेच, तर व्ही. जी. जोग यांच्याकडे लयकारी आणि गजाचे छंद अधिक ठळक आहेत. यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना एकदा फक्त गज ऐकावा : एका गजात किती स्वर आले, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) गज खाली आला की वर गेला, तान (जलद स्वरमालिका) तुटक गजात होती की जोडलेल्या. एकाच ध्वनिमुद्रणाची पाच मिनिटे अशी ऐकणे, दहा मैफली ओझरत्या ऐकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

ताना

तानांत बहुतेक दोष बोटांच्या वेगाचा नसून दोन हातांच्या मेळाचा असतो. गज उलटतो तेव्हा बोट आधीच तारेवर बसलेले असायला हवे. ते क्षणभर उशिरा आले तर दोन स्वरांमध्ये घासल्यासारखा आवाज येतो. यासाठी तान अर्ध्या लयीत घेऊन तिला लांब-आखूड असा झोका द्यावा, म्हणजे पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, आणि पुढच्या वेळी उलट. आखूड स्वराच्या जागी बोट पुढे तयार ठेवावेच लागते. दोन्ही प्रकारे स्वच्छ जमल्यावर सरळ लयीत वाजवावे आणि लय एका वेळी मिनिटाला चार मात्रांपेक्षा जास्त वाढवू नये.

तासाची वाटणी

रोज एक तास मिळत असेल तर पहिली वीस मिनिटे गजाला द्यावीत, पंधरा मिनिटे स्वर आणि मींडेला, आणि उरलेल्या वेळात एकच राग, त्यातही एकच अवघड ओळ घ्यावी. पंचवीस मिनिटांनी एकदा वाद्य खाली ठेवून खांदे सैल करावेत. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्या दिवशी पुढे वाजवू नये. आठवड्यातून एकदा मोबाईलवर तीन मिनिटे मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, म्हणजे कान ताजा असतो. ऐकताना सर्व दोष टिपण्याऐवजी एकच निवडावा आणि पुढचा आठवडा त्याच्यावर घालवावा.

बेळगावातील वडगाव, शहापूर, खासबाग भागांत यंत्रमागांचा खडखडाट असताना गजाची बारीक खरखर ऐकूच येत नाही. अशा घरांत स्वर आणि गजाचे काम माग बंद असताना करावे, आणि ताना, पाठांतर, लयीचे काम इतर वेळी उरकावे.

परीक्षांविषयीही थोडे. आपल्याकडील विद्यार्थी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, तर काही कर्नाटक शासनाच्या ज्युनियर, सीनियर आणि विद्वत परीक्षांना. परीक्षेने शिस्त लागते हे खरे, परंतु अभ्यासक्रमातील रागांची यादी वाढत जाते तसा प्रत्येक रागाला मिळणारा वेळ घटतो. म्हणून यादी पूर्ण करतानाच एक राग वर्षभर रोज वाजवावा. यमन किंवा भूप त्यासाठी पुरेसा आहे.

पावसाळा

बेळगावचा, आणि त्याहून अधिक खानापूर-जांबोटीकडचा पाऊस वाद्याची परीक्षा पाहतो. दमट हवेत गजाचे केस लांबतात आणि सैल पडतात, म्हणून नेहमीपेक्षा थोडे अधिक ताणावे लागतात. मात्र वाजवून झाल्यावर गज सैल करायला विसरू नये, कारण हवा कोरडी होताच केस आखडतात आणि काडी वाकते. खुंट्या फुगून अडकतात, तर हिवाळ्यात त्याच घसरतात. अडकलेली खुंटी जोराने फिरवू नये, ती थोडी बाहेर ओढून मग फिरवावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या महिन्याभराने बदलाव्यात. फळ्यांचा सांधा सुटलेला दिसला तर घरगुती डिंक किंवा झटपट चिकटणारे रसायन लावू नये. वाद्यांचे सांधे मुद्दामच उघडता येतील अशा सरसाने जोडलेले असतात, आणि भलत्या पदार्थाने चिकटवलेली फळी नंतर कारागिराला न तोडता उघडता येत नाही. राळ मात्र पावसाळ्यातही मोजकीच, तीन-चार ओढींपुरती लावावी, आणि तारांवर व घोडीखाली साचलेली तिची पूड रोज कोरड्या कापडाने पुसावी.

साथ

वर्ष-दीड वर्षाच्या पायाभूत रियाजानंतर भजनाच्या साथीला बसण्यास हरकत नाही, उलट त्याने ऐकण्याची कसोटी लागते. तेथे दोन गोष्टी बदलतात. मंडळात संवादिनी चालू असते, तेव्हा तंबोऱ्याचा गंधार धरून बसल्यास दोन्ही वाद्ये भांडतात. अशा वेळी बोट ते दोन मिलिमीटर वर न्यावे आणि घरी आल्यावर पुन्हा खाली आणावे, हा फरक जाणूनबुजून करता येणे हीसुद्धा तयारीच आहे. दुसरे, गायक गात असताना त्याच्या शब्दांवर पूर्ण गज ओढू नये. पाव गजात, हलक्या वजनाने, त्याच्या ओळीच्या किंचित मागून चालावे, आणि तो श्वास घेईल त्या जागी गज टोकापर्यंत नेऊन ओळ भरून काढावी. त्यासाठी गजाचा मधला भाग नेहमी शिल्लक असावा लागतो, म्हणून गायकाची ओळ संपण्याच्या बेतात असताना गज मुठीकडे आणून ठेवावा.